न ऐकता दिलेला निकाल

परंपरेचे रक्षण करावयाचे म्हणजे नव्याला दाराबाहेर उभे करावयाचे, असा एक समज आपल्या देवस्थानांच्या व सांस्कृतिक मंडळांच्या कारभारात घट्ट रुजला आहे. तरुणांनी लोकगीताला गिटारची साथ दिली की 'हे आपले नव्हे' असा शेरा तत्काळ मारला जातो. गाणे ऐकण्याची तसदी कोणी घेत नाही. आरोपीचे म्हणणे ऐकल्याविना निकाल देऊ नये, हे न्यायाचे आद्य तत्त्व होय. न्यायालयात जे आपण क्षणभर खपवून घेणार नाही, तेच कलेच्या बाबतीत बिनदिक्कत करतो. या वृत्तीची किंमत काय पडते, हे पाहावयाचे असेल त्याने बंगालमधील एका ध्वनिमुद्रिकेचा इतिहास तपासावा.

१९७७ साली कलकत्त्याच्या 'मोहीनेर घोडागुली' या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. 'संविग्न पाखिकुल ओ कोलकाता विषयक', म्हणजे व्याकुळ पक्षिकुल आणि कलकत्त्याविषयी, असे तिचे नाव. वृंदाचे नाव जीवनानंद दास यांच्या कवितेतून घेतलेले. गौतम चट्टोपाध्याय हे त्याचे प्रवर्तक. बाउलांचा मोकळा, भटका सूर, पाश्चात्त्य जाझ आणि गिटार-व्हायोलिनची साथ यांचा या तरुणांनी मेळ घातला. आणि विषय घेतले ते आपल्या शहराचे, तेथील एकाकी मनाचे. 'हाय भालोबाशी' या त्यांच्या गाण्यात पिकासो आणि रविशंकर शेजारी शेजारी बसतात. ज्या पिढीने दोघांवर सारखेच प्रेम केले, तिने ते लपवावे तरी का?

परंतु रवींद्रसंगीत आणि चित्रपटगीते यांना सरावलेल्या श्रोत्यांनी त्यांना फारशी दाद दिली नाही. १९७८ आणि १९७९ साली आणखी दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि पुढे लवकरच वृंद विखुरला. १९९५ साली गौतमबाबूंच्या पुढाकाराने 'आबार बछर कुडी परे' हे संकलन निघाले, तेव्हा नव्या पिढीने ही गाणी उचलून धरली. १९९९ साली ते निवर्तले. २००६ साली 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटातील 'भीगी भीगी' या गाण्यात वृंदाच्या 'पृथिबी' या गाण्याची चाल आली आणि देशभर गुणगुणली गेली. ज्यांना पहिल्या वेळी कान मिळाला नाही, त्यांचीच चाल पुढे मूळ कर्त्यांचे नावही ठाऊक नसलेल्या लाखोंच्या ओठी बसली!

विरोधकांचा पहिला आक्षेप वाद्यांवर असतो: गिटार परदेशी. मग आपल्या भजनातील पेटी कोठली? हार्मोनियम युरोपात जन्मली. मांडी घालून वाजवण्याजोगे रूप तिला एकोणिसाव्या शतकात याच कलकत्त्यात मिळाले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. त्या काळात आपल्या कोणत्या देवळातील भजन पेटीवाचून अडले, किंवा पेटीमुळे बाटले?

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. बाउल हा मुळातच सरमिसळीचा पंथ. वैष्णव भक्ती, सहजिया साधना आणि सूफी विचार त्यात एकत्र नांदतात. अनेक प्रवाहांतून वाहत आलेल्या त्या गाण्याला युनेस्कोने २००५ साली मानवतेचा वारसा म्हणून गौरविले. आणि आपल्या घुमटाचे काय? मातीच्या त्या भांड्याच्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणावे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीस संरक्षण दिले; कारागिरांनी बकऱ्याचे कातडे घेतले; २०१९ साली गोवा शासनाने त्याच घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला. कातडे बदलले, आरती थांबली नाही. ज्यांनी हे पचविले, त्यांनी एका गिटारीने परंपरा बुडते म्हणून आक्रोश करावा, हे आम्हास हास्यास्पद वाटते.

'मग देवळात काहीही वाजवावे काय?' असे कोणी विचारील. मुळीच नाही. गाभाऱ्यातील पूजेची शिस्त वेगळी आणि सभामंडपातील गायनाची मोकळीक वेगळी; हा भेद आपल्या पूर्वजांनीच केला आहे. तसेच, प्रयोगाच्या नावाखाली जुनी चाल उचलून स्वतःच्या नावावर खपविणाऱ्यांची वकिली आम्ही करीत नाही. चाल कोणाची, शब्द कोणाचे, कोणापासून शिकलो, हे सांगणे हे नव्या गायकांचे कर्तव्यच होय. पहिलाच प्रयत्न फसलेला असू शकतो, बेसूरही असू शकतो. आम्ही निर्दोष मुक्तता मागत नाही; सुनावणी मागतो.

गोव्यापासून बेळगाव, इंदूर, बडोद्यापर्यंत आपली मंडळे एकच तक्रार करतात: तरुण येत नाहीत. येतील कसे? त्यांच्यासाठी आपण सतरंज्या उचलण्याचे काम ठेवले आहे, गाण्याची जागा नव्हे. महाजनांनी व कार्यकारिणींनी जत्रेच्या वा सप्ताहाच्या दिवसांत एक संध्याकाळ नव्या रचनांना द्यावी. मराठीत असोत, कोंकणीत असोत. मंडळींनी पुढे बसावे आणि अखेरचा सूर विरेपर्यंत ऐकावे. निकाल त्यानंतर द्यावा. तो विरुद्ध गेला तरी आमची तक्रार असणार नाही.