चिमणी लोगोत, उजेड छताआड

लोअर परळच्या एका जुन्या गिरणीत आता आमचं ऑफिस आहे. आत शिरताच पाटी: पर्यावरणस्नेही, ‘कोलॅबरेटिव्ह’ जागा. गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या ठेवल्यात, लोगोत चिमणी आहे. जुनी इमारत वापरण्याला माझा विरोध नाही. उभी भिंत पाडून काच-सिमेंट ओतण्यापेक्षा ते केव्हाही शहाणपणाचं. त्या विटा भाजायचं इंधन कधीच जळून गेलंय. भांडण आहे ते काय मिरवलं आणि काय झाकलं यावरून.

साचाखातं, म्हणजे मागांची शेड. तिचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असायचं. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची, तोंड उत्तरेला. मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून त्या काचांतून ऊन न येता उजेड तेवढा येतो. आमची शेड अशीच आहे, पण छपराखाली फॉल्स सीलिंग ठोकलंय. भर दुपारी बारा वाजता आम्ही एलईडी लावून बसतो, आणि ते एलईडी कमी वीज खातात याची जाहिरात करतो! गिरणी म्हणजे स्वर्ग होता असं नाही. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायचे, कापसाची धूळ छातीत जायची. ते जायलाच हवं होतं. उजेडानं काय घोडं मारलं होतं?

आता ‘कोलॅबरेटिव्ह’. गिरणीत बदली कामगार असायचे. सकाळी दारात उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत. आम्ही ॲपवर टेबल शोधतो. आमचा पगार बुडत नाही, हा फरक लहान नाही. पण रोज शेजारी बदलणाऱ्या माणसांनी एकमेकांना ओळखायचं कधी? गिरणगावात एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपणारे लोक होते, बायकांनी चालवलेल्या खानावळी होत्या, गावकऱ्यांची मंडळं होती, युनियन होती. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, ते काही कुणी बीनबॅग मांडल्या म्हणून नाही.

आमच्या ‘कम्युनिटी टेबल’वर सफाईवाल्या मावशी बसत नाहीत. त्यांचा डबा मागच्या जिन्यात उघडतो. बसायला मनाई नाही म्हणे. पण मावशींनी तिथं डबा उघडला तर काय नजरा वळतील, हे त्यांनाही कळतं आणि आम्हालाही.

आणि जमीन? १९९१च्या नियमानं गिरणीच्या जमिनीतला साधारण तिसरा हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेसाठी आणि तेवढाच म्हाडाच्या घरांसाठी जायचा होता. २००१मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल ग्राह्य धरला. शहराची मैदानं अशी आकसली, आणि आमच्या गच्चीवर पुदिन्याच्या चार कुंड्या आल्या. ब्रोशरमध्ये त्यांना ‘अर्बन फार्म’ म्हटलंय.

माझी मागणी साधी आहे. मावशींचा डबा आमच्या टेबलावर, आमच्याच वेळेला. आवार रविवारी समोरच्या चाळीतल्या पोरांना क्रिकेटसाठी खुलं. आणि ते सीलिंग उतरवा. एसीचे डक्ट दिसतील? दिसू देत. उघड्या विटा आवडतातच की तुम्हाला.