अनुदानाच्या कुबड्या किती दिवस?

आपल्या वस्त्यांत शिवणकाम, संगणक, वायरिंग शिकविणारी केंद्रे वाजतगाजत सुरू होतात. उद्घाटनाला पुढारी येतात, फोटो छापून येतात. दोन वर्षांनी दाराला कुलूप लागते. शिकणारे नव्हते म्हणून नव्हे, तर अनुदानाचा हप्ता रखडला, भाडे आणि शिक्षकाचा पगार थकला म्हणून! अर्धवट शिकलेला मुलगा पुन्हा मजूर नाक्यावर उभा राहतो. यात नुकसान कोणाचे झाले?

काही जण म्हणतात, मुलांकडून फी घ्या. पण हातावर पोट असलेल्या घरातला मुलगा तीन महिने मजुरी सोडून शिकायला बसतो, हीच त्याने मोजलेली फी आहे. पैसा दुसरीकडूनच उभा करावा लागेल.

पहिला मार्ग उत्पादनाचा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये प्रशिक्षण आणि कारखान्यांसाठी डाय-साचे बनविण्याचे काम एकाच संस्थेत चालते. ती सरकारी संस्था आहे, यंत्रेही मोठी आहेत. पण तत्त्व लहान केंद्रालाही लागू पडते. शिवण केंद्राने शाळांच्या गणवेशाची, वायरिंगच्या केंद्राने दुरुस्तीची कामे घ्यावीत. मात्र शिकविण्याच्या नावाखाली मुलांना फुकट राबवू नये. कामाचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे.

दुसरा मार्ग कायद्याचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे आणि विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. नेमलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. प्राथमिक शिक्षण केंद्रात, पुढचे कारखान्यात, अशी जोड घातली तर महागडी यंत्रे घ्यावी लागणार नाहीत आणि मुलाच्या हाती चार पैसेही पडतील. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कौशल्य प्रशिक्षण त्या यादीत आहे. त्या पैशातून यंत्रे घ्यावीत. पगार त्यावर अवलंबून ठेवू नयेत. तो पैसाही उद्या थांबू शकतो.

तिसरा मार्ग आपल्याच खिशाचा. समजा, केंद्राचा महिन्याचा खर्च ६० हजार रुपये आहे. ६०० कुटुंबांनी महिना ५० रुपये दिले, तर निम्मा खर्च भागतो. जयंतीच्या एका रात्रीत डीजेवर पैसे उधळणाऱ्यांना आणि आरक्षणामुळे स्थिरावलेल्या नोकरदारांना हे जड आहे काय? पण वर्गणी मागणाऱ्याने आधी हिशेब द्यावा. धर्मादाय कार्यालयाला द्यायचा लेखापरीक्षण अहवाल पुरेसा नाही. दरमहाचा जमाखर्च केंद्राच्या फळ्यावर लागला पाहिजे. चळवळीतल्या किती संस्था पैशाअभावी नव्हे, अविश्वासाने बुडाल्या!

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्या खात्याकडे होते. कुशल हातांचे मोल त्यांनी ओळखले होते. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतला एक हिस्सा प्रत्येक मंडळाने वस्तीतल्या केंद्रासाठी बाजूला काढावा. सरकारकडून हक्काचे अनुदान भांडून घ्यायचेच आहे. पण ते येईपर्यंत केंद्राचे दार उघडे ठेवणे आपल्याच हातात आहे.