आठ आठवड्यांचे तीन आठवडे

श्री. आंद्रेआ गाउडेन्झी,
अध्यक्ष, एटीपी, यांस



शांघायपासून सुरुवात करतो, कारण हिशेब तिथूनच चुकत गेला. ऑक्टोबर २०१६. ऑस्ट्रेलियन टेनिसपटू निक किर्गिऑसने मिशा झ्वेरेवविरुद्धचा सामना ४८ मिनिटांत फेकून दिला. सर्व्हिस म्हणून चेंडू नुसता पलीकडे ढकलायचा आणि तो परत यायच्या आत खुर्चीकडे चालू लागायचं. तिकीट काढून आलेल्या माणसाशी हुज्जत घातली ती वेगळीच. आपल्या संस्थेने आधी १६,५०० डॉलर आणि मग आणखी २५,००० डॉलर दंड केला, आठ आठवड्यांची बंदी घातली, आणि त्याच दमात जाहीर केलं, की खेळाडूने क्रीडा-मानसशास्त्रज्ञाकडे उपचार घेतले तर आठाचे तीन होतील. झाले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर तो खेळायला मोकळा.

तेव्हा अध्यक्ष आपण नव्हता. २०२०पासून आहात. दुकानाच्या पाटीवरचं नाव बदललं, तराजू तोच राहिला.

मी पुण्यात बँकेच्या कॅश काउंटरवर बसतो. नैराश्याच्या गोळ्या घेतो त्याला १४ वर्षं झाली. मार्च महिन्यात, भर गर्दीत, समोरचा माणूस नोटा आपटतो तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललेलं असतं ते मला आणि माझ्या डॉक्टरांना ठाऊक. संध्याकाळी कॅश कमी भरली तर ती मी माझ्या खिशातून भरतो. त्या दिवशी माझी झोप झाली होती का, गोळी चुकली होती का, हे कुणी विचारत नाही. विचारूही नये. ज्याला पाचशेची नोट कमी गेली, त्याला माझ्या झोपेशी काय घेणं? रजा हवी असेल तर ती मी आधी मागतो. नोटा उधळून झाल्यावर नव्हे.

म्हणून ‘आठाचे तीन’ हे गणित मला झोंबतं. उपचार हे कूपन आहे का? दाखवा आणि पाच आठवडे सूट मिळवा? ज्याला खरंच उपचारांची गरज आहे त्याला ते शिक्षेबाहेर, बिनशर्त मिळायला हवेत, आणि ज्याने शिक्षेजोगं वागणं केलं त्याला शिक्षा पूर्ण व्हायला हवी. या दोन गोष्टी आपण एकाच वाटीत कालवल्या, आणि तेव्हापासून ‘माझं मन ठीक नव्हतं’ हे वाक्य ऐकलं की लोक हसतात. हसतात ते किर्गिऑसला, लागतं ते आम्हाला.

आता सिनसिनाटी, ऑगस्ट २०१९. खाचानोवविरुद्धच्या सामन्यात परवानगी नसताना हा गृहस्थ कोर्ट सोडून बोगद्यात गेला, दोन रॅकेटी फोडून परत आला, आणि सामना संपल्यावर पंचाच्या दिशेने थुंकला. १,१३,००० डॉलर दंड. सप्टेंबरमध्ये आपल्या संस्थेने त्यावर १६ आठवड्यांची बंदी आणि २५,००० डॉलर लावले, तेही टांगते! सहा महिने नीट वागलास तर काहीच भोगायचं नाही. अटी दोन: दौऱ्यावर असताना मेंटल कोचची मदत चालू ठेवायची आणि सुट्टीच्या मोसमात वर्तनातल्या तज्ज्ञाकडे जायचं. म्हणजे तीन वर्षांपूर्वी जे औषध दिलं होतं तेच पुन्हा, फक्त बाटली मोठी. पहिल्या खेपेला ते लागू पडलं का, हे कुणी तपासलं? किती वेळा तो तज्ज्ञापुढे बसला, हे कुणी मोजलं?

आणि इथेच मला त्या पोराची दयाही येते, हे लपवत नाही. पुढे २०२३मध्ये नेटफ्लिक्सच्या मालिकेत त्याने स्वतः सांगितलं, की २०१९च्या विम्बल्डनमध्ये नदालकडून हरल्यानंतर त्याच्या मनात आत्महत्येचे विचार होते आणि त्याला लंडनच्या मानसोपचार रुग्णालयात जावं लागलं. तो सामना ४ जुलैचा. ४ ऑगस्टला तो आपली वॉशिंग्टनची स्पर्धा जिंकला, आणि त्यानंतर दहा दिवसांत सिनसिनाटी. मधल्या महिन्यात एका तरी त्रयस्थ डॉक्टरने हा माणूस कोर्टवर उतरायच्या अवस्थेत आहे का, हे पाहायला नको होतं? २०२०मध्ये आपण खेळाडूंसाठी मदतीची हेल्पलाइन आणि फोनवर ध्यान शिकवणारं ॲप आणलंत. आभारी आहोत. डोळे मिटा, श्वास मोजा, तिकिटं खपत राहतील.

दंडांचंही बघा. मार्च २०२२, इंडियन वेल्स. नदालकडून हरल्यावर किर्गिऑसने आपटलेली रॅकेट उसळून मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि बॉलबॉयने अंग चोरलं म्हणून वाचला. दंड शिवीगाळीसकट २५,००० डॉलर. उपान्त्यपूर्व फेरीचं बक्षीस जवळजवळ १,८०,००० डॉलर. पंधरा दिवसांत मायामी, आणखी ३५,००० डॉलर. त्याच्या आदल्या महिन्यात अलेक्झांडर झ्वेरेवने अकापुल्कोत पंचाच्या खुर्चीवर रॅकेट हाणली होती, पंच त्या खुर्चीत बसलेले असताना. त्याला ४०,००० डॉलर दंड, आठ आठवड्यांची बंदी, आणि तीही अर्थात टांगती. आमच्याकडे सोसायटीत गाडी चुकीच्या जागी लावली तरी जॅमर लागतो, पावती दाखवेपर्यंत सुटत नाही. आपल्याकडे दंड म्हणजे पार्किंगचे पैसे. भरायचे आणि पुन्हा तिथेच लावायची.

विम्बल्डन २०२२: किर्गिऑस प्रेक्षकाच्या दिशेने थुंकला म्हणून १०,००० डॉलर. फ्रेंच ओपन २०२१: नाओमी ओसाका पत्रकार परिषदेला गेली नाही म्हणून १५,००० डॉलर. ग्रँड स्लॅम आपल्या अखत्यारीत नाहीत आणि महिलांची संघटना वेगळी, हे उत्तर मला पाठ आहे. ते देण्याचे कष्ट घेऊ नयेत. पण आकडे शेजारी ठेवा. त्या मुलीने आधी कळवलं होतं, कारण सांगितलं होतं, कुणावर थुंकली नव्हती. चारही ग्रँड स्लॅमनी मिळून तिला पत्र लिहिलं, स्पर्धेतून बाद करू, बंदी घालू. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बाहेर पडली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्या इटालियनमध्ये कशी म्हणतात?

आपल्याच दौऱ्यावरचा मार्डी फिश घ्या. २०१२च्या यूएस ओपनमध्ये फेडररशी खेळायला निघालेला असताना त्याला भीतीचा झटका आला आणि तो वाटेतूनच परतला. चिंताविकाराचं नाव त्याने उघड घेतलं, उपचार घेतले. रॅकेट कुणाच्या डोक्यावरून गेली नाही. आजारी माणूस असाच असतो, बहुतेक वेळा त्याचं नुकसान त्याचं एकट्याचं होतं.

राहिलं कॅनबेरा. जानेवारी २०२१मध्ये तेव्हाच्या मैत्रिणीला ढकलून पाडल्याचा किर्गिऑसवर आरोप, जुलै २०२२मध्ये विम्बल्डन चालू असताना ती बातमी, ऑक्टोबरमध्ये वकिलांचा अर्ज की मानसिक आरोग्याच्या कारणावरून खटला काढून टाकावा. फेब्रुवारी २०२३मध्ये ती मागणी टिकली नाही. त्याने गुन्हा कबूल केला. न्यायालयाने दोषसिद्धीची नोंद केली नाही. प्रकार कमी गंभीर आणि पहिलाच, असं त्यांचं म्हणणं. मानसशास्त्रज्ञाचा अहवालही समोर होता, नैराश्याच्या झटक्यांबद्दलचा. माझा त्यावर आक्षेप नाही. एका साध्या दंडाधिकाऱ्याच्या कोर्टाला जे जमलं ते आपल्याला का जमत नाही, एवढाच प्रश्न आहे. अहवाल वाचला, आजार मानला, आणि तरी ‘हे तू केलंस का?’ हा प्रश्न आजाराच्या मागे लपू दिला नाही.

आपण स्वतः खेळाडू. १९९८ची डेव्हिस चषकाची अंतिम फेरी, मिलान, मॅग्नस नॉर्मनविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ६-६, आणि आपला खांदा गेला. आपण सामना सोडलात. तो खांदा डॉक्टरांनी पाहिला असेल, नॉर्मनने नव्हे, आणि स्पर्धेच्या प्रायोजकाने तर नक्कीच नव्हे. मनालाही तेवढीच प्रतिष्ठा द्या. क्रिकेटमध्ये १ ऑगस्ट २०१९पासून डोक्याला चेंडू लागला तर डॉक्टर तपासतो, बदली खेळाडू उतरतो. ‘मी ठीक आहे’ या फलंदाजाच्या शब्दावर भागत नाही. आपल्याकडे त्रयस्थ मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ हवं. त्यांनी ‘अयोग्य’ म्हटलं तर खेळाडूला पगारी विश्रांती आणि क्रमवारीचं संरक्षण. ‘योग्य’ म्हटलं तर पूर्ण शिक्षा, टांगती नाही, आणि दंड त्या आठवड्याच्या बक्षिसाच्या हिश्शात. अहवालातला मजकूर आम्हाला नको, तो त्याचा खाजगी. पण आपल्या संचालक मंडळात अर्धे खेळाडूंचे आणि अर्धे स्पर्धा भरवणाऱ्यांचे. किर्गिऑस घरी बसला तर स्टेडियम रिकामं राहणार, हे दोघांनाही कळतं.

इंडियन वेल्सच्या त्या बॉलबॉयची त्याने नंतर माफी मागितली, रॅकेट भेट दिली. आमच्या पुण्यातही, बालेवाडीत, आपली स्पर्धा होत असे, २०२३नंतर ती हाँगकाँगला गेली. माझा भाचा तिथे दोन वर्षं बॉलबॉय होता. त्याला त्या उसळलेल्या रॅकेटचा व्हिडिओ दाखवून विचारलं, तुझ्या अंगावर आली असती तर काय केलं असतंस? तो म्हणाला, “मामा, आम्हाला हलायचं नाही असंच शिकवलंय.”

आपला,
बालेवाडीच्या स्वस्त तिकिटातला एक प्रेक्षक
पुणे