चाल वजा जाता

मराठीची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला 'तुम्हांला कविता करता येते का?' असे प्रवेशाच्या वेळी कोणी विचारत नाही. कविता न करणाऱ्यालाही कवितेचा इतिहास, तिचे शास्त्र आणि तिची समीक्षा शिकण्याचा अधिकार आहे, हे आपण धरून चालतो. संगीताचा विषय निघाला की मात्र पहिला प्रश्न येतो तो 'आवाज आहे का?' हा. या दोन प्रश्नांतील अंतराविषयीच आम्हांला येथे भांडायचे आहे. साहित्य हा ज्ञानविषय आणि संगीत हे कसब, ही वाटणी आपल्या विद्यापीठीय जगाने इतकी निमूटपणे स्वीकारली आहे की तिचे समर्थन करण्याची गरजही कोणाला भासत नाही. आमचे म्हणणे असे की ही वाटणी खोटी आहे. तिने संगीताइतकेच मराठी साहित्याच्या अभ्यासाचे नुकसान केले आहे. आणि तिची किंमत सर्वांत जास्त मोजतो तो मुरबाड-शहापूरसारख्या तालुक्यांतला विद्यार्थी.

आधी साहित्यवाल्यांच्या घरातले पाहू. ओवीचा इतिहास सांगताना आपण सारे 'मानसोल्लासा'चे नाव घेतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या या बाराव्या शतकातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. वाङ्मयेतिहासापासून परीक्षेच्या मार्गदर्शिकेपर्यंत तो सर्वत्र आढळतो. तो ग्रंथाच्या कोणत्या भागात आला आहे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. तो गीताच्या विवेचनात आला आहे. आपल्या आद्य छंदाची साक्ष आपल्याला एका संगीतविषयक प्रकरणाने दिली. आपण साक्ष तेवढी उचलली आणि संगीत तिथेच ठेवून निघालो.

पुढच्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. हा गृहस्थ राजदरबारातील हिशेबखात्याचा वरिष्ठ अधिकारी होता. त्याच्या सात अध्यायांपैकी प्रबंधाध्यायात जे गेय प्रकार येतात त्यांत धवल, मंगल आणि ओवी ही नावे शेजारी शेजारी आहेत. त्याच यादवकाळात, त्याच शतकात, महानुभाव पंथाच्या महदंबेने 'धवळे' रचले आणि १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. महदंबा ही आद्य मराठी कवयित्री आणि धवळे म्हणजे विवाहप्रसंगीची गीते, हे दोन गुणांचे उत्तर पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. धवळे गायचे कसे, शार्ङ्गदेवाच्या धवल प्रबंधाशी त्यांचे नाते काय, हे विचारण्याची सोय त्या वर्गात नाही, कारण ते 'संगीताचे' ठरते. संगीताच्या वर्गातही ती नाही, कारण तिथे महदंबा 'साहित्याची' ठरते.

आता या प्रश्नाची तिसरी कडी पाहा. उत्तर कोकणात धवळे ही पोथीतली गोष्ट नाही. वारल्यांच्या लग्नात धवलेरी आणि आगरी लग्नात धवलारीण गाते. वारल्यांमध्ये तर धवलेरीच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. पौरोहित्य तिच्याकडे असते आणि मंत्राच्या जागी तिचे गाणे असते. तेराव्या शतकातला देवगिरीचा ग्रंथ, महानुभावांची पोथी आणि ठाणे-पालघर पट्ट्यातल्या मांडवात बसलेली बाई या तिघांत एका शब्दाचे साम्य उघड दिसते. हे साम्य केवळ नावाचे की रचनेचे, चालीचे की विधीचे, याचे उत्तर नुसते संस्कृत किंवा नुसती मराठी जाणणारा देऊ शकणार नाही. नुसता गवई तर नाहीच नाही. त्यासाठी ग्रंथ वाचणारा, चाल ऐकून लिहून घेणारा आणि त्या बोलीत त्या बाईशी आपल्या माणसासारखे बोलू शकणारा असा एकच अभ्यासक हवा. असा अभ्यासक पुण्या-मुंबईपेक्षा धसईत जन्मण्याचा संभव अधिक आहे, हे मान्य करायला आपली तयारी आहे काय?

धसई हे मुरबाड तालुक्यातले बाजाराचे गाव. भोवती ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे, एका अंगाला गोरखगडाची वाट, दुसरीकडे पौष पौर्णिमेला भरणारी म्हसाची जत्रा. भागात हरिनाम सप्ताह, काकडा आणि भजनाची मंडळे यांचे वर्षाचे चक्र चालू असते. धसईचे नाव शहरी वृत्तपत्रांत गाजले ते डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीनंतर राज्यातले पहिले 'कॅशलेस' गाव म्हणून. तिथल्या दुकानांत कार्डे घासण्याची यंत्रे पोहोचविण्यासाठी लागणारी तत्परता तेव्हा क्षणात सापडली. याच गावच्या मुलीने उद्या 'मला संगीत हा मुख्य विषय घेऊन बी.ए. करायचे आहे' असे म्हटले, तर त्या तत्परतेचा मागमूस दिसणार नाही. एसटीने मुरबाड, तिथून कल्याण आणि पुढे लोकलने मुंबईतले विद्यापीठ, असा मार्ग तिला दाखविला जाईल आणि तोही दाखविणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'याचे पुढे करणार काय?' हा प्रश्न ठेवून. जी आर्थिक नवलाई पेलण्यास गाव रातोरात पात्र ठरते, त्याच गावाला विद्येच्या बाबतीत मात्र 'उपयुक्त' विषयांवरच भागवून घ्यावे लागते.

यावर कागदाचा आधार मागणाऱ्यांनी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० उघडावे. त्यात बाणभट्टाच्या 'कादंबरी'तील चौसष्ट कलांचा दाखला आहे आणि उच्च शिक्षणसंस्थांत जे विभाग उभारावेत किंवा बळकट करावेत म्हणून सांगितले त्यांत भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान, गणित यांच्याच पंक्तीला संगीत बसविले आहे. प्रत्यक्षात काय झाले? नव्या रचनेत मुख्य विषयाच्या रकान्यात जुनेच विषय राहिले आणि कला, क्रीडा, योग यांच्यासोबत संगीताची रवानगी अनेक ठिकाणी दोन श्रेयांकांच्या सहअभ्यासक्रमात झाली. शाळेतली कथा याहून निराळी नाही. दहावीला शास्त्रीय गायनवादनाच्या परीक्षांसाठी आणि लोककलांसाठी सवलतीचे गुण मिळतात. म्हणजे संगीताची किंमत गणितात कमी पडलेले गुण भरून काढण्याइतकी. चौसष्ट कलांचा जयघोष आणि गुणांची ही खिरापत एकाच व्यवस्थेतून येते, यात आम्हांला विसंगती दिसत नाही. ज्याला विषय मानायचे नसते, त्याचा गौरव करणेच सोयीचे असते.

आमच्या म्हणण्यावर येणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला म्हणजे संगीत ही गुरुमुखी विद्या, ती विद्यापीठात येत नाही. गायक घडविण्यापुरते हे खरे आहे आणि त्याबाबत आमचा वाद नाही. पण अभ्यासक घडविण्याशी त्याचा संबंध काय? विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, वकिली केली. मैफिलीचे गवई म्हणून त्यांची ख्याती नव्हती. त्यांनी देशभर हिंडून बंदिशी जमविल्या, ग्रंथ तपासले, परंपरेच्या दाव्यांना पुरावा मागितला आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' चार भागांत लिहिली. तीही मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने. आधुनिक हिंदुस्थानी संगीतविचाराचा पायाच ज्या ग्रंथाने घातला तो मराठी गद्यात आहे आणि मराठी गद्याचा इतिहास शिकणाऱ्याच्या यादीत तो नसतो. पुढे अशोक दा. रानडे यांनी मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची धुरा वाहताना 'संगीताचे सौंदर्यशास्त्र' आणि 'लोकसंगीतशास्त्र' ही पुस्तके मराठीतच लिहिली. संगीतावर विचार करण्यासाठी मराठी अपुरी पडते, असे म्हणण्याची सोय या दोघांनी ठेवलेली नाही.

दुसरा आक्षेप परीक्षांचा. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्यांच्या पश्चात त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभारले आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची शिडी महाराष्ट्रातल्या लहान गावांतही पोहोचली. मग आणखी काय हवे? त्या कार्याचे ऋण आम्ही मान्य करतो. पण ती शिडी रागसंगीताची आहे, आणि तिच्या पहिल्या पायरीखाली काय गाडले गेले हे विचारणे तिचे काम नाही. संगीताला प्रतिष्ठित करण्याच्या त्या प्रकल्पात कोण आत आले, उस्ताद आणि कलावंतिणी कशा बाजूला पडल्या, याचे विवेचन जानकी बखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' (२००५) या ग्रंथात केले आहे. त्याच्याशी कोणी असहमत व्हावे. परंतु असहमत होण्यासाठी लागणारे इतिहासाचे, जातीचे आणि लिंगभावाचे शिक्षण विशारदच्या परीक्षेत मिळत नाही. ते कलाशाखेतच मिळू शकते.

तिसरा आक्षेप गरिबीचा. आदिवासी तालुक्यात आधी नोकरी देणारे शिक्षण द्या, संगीत ही चैन आहे, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद मराठीच्या प्राध्यापकांच्या तोंडी ऐकला की आम्हांला विशेष नवल वाटते, कारण उद्या तो जसाच्या तसा त्यांच्याच विषयाविरुद्ध वापरला जाणार आहे. वापरला जातही आहे. शिवाय विदर्भ-मराठवाड्यातील कितीतरी महाविद्यालयांत बी.ए.ला संगीत हा ऐच्छिक विषय अनेक वर्षे चालत आला आहे. ते भाग काही ठाण्याहून श्रीमंत नाहीत. खरे कारण पुष्कळदा कार्यभाराचे असते. नवा विषय आला तर आपल्या तासिका घटतील ही भीती आम्ही क्षुद्र मानत नाही, कारण रिक्त पदांच्या काळात ती खरी आहे. पण तिला विद्यार्थ्याच्या हिताचा मुखवटा चढवू नये.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो आमच्या मित्रांचा आहे. विद्यापीठ धवलेरीच्या गाण्याचे काय करील? पाच गुणांची टीप करील. बाई मांडवात राहील, तिच्यावरील प्रबंध शहरात राहील आणि श्रेय प्रबंधाला मिळेल. हा धोका आम्हांला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय तिला अभ्यासाबाहेर ठेवणे हा नव्हे, कारण बाहेर ठेवल्याने ती सुरक्षित राहिलेली नाही, केवळ अदृश्य राहिली आहे. जात्यावरच्या ओव्यांचा अनुभव पाहा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायांकडून जमविलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. बर्नार बेल या संगीताभ्यासकाच्या सहभागामुळे त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव तिच्या ओवीसोबत नोंदविण्याची शिस्त त्यात पाळली गेली. समाजशास्त्र, भाषा आणि संगीत एकत्र आले की काय होते, याचा हा नमुना आहे. तो मुख्यतः विद्यापीठांच्या नेहमीच्या चौकटीबाहेर घडला, ही विद्यापीठांना खटकायला हवी अशी गोष्ट आहे.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. मुरबाड-शहापूरच्या कलाशाखेत संगीत हा मुख्य विषय असावा आणि त्याचा प्रवेश गळ्यावर अवलंबून नसावा. त्यात ऐकण्याचे आणि चाल लिहिण्याचे शिक्षण असावे, ध्वनिशास्त्राची ओळख असावी, 'संगीतरत्नाकरा'चे व भातखंड्यांचे निवडक वाचन असावे, १८८० च्या 'शाकुंतला'पासूनच्या संगीत नाटकाचा अभ्यास पदांसकट असावा. आज आपण 'सौभद्र' शिकवितो तेव्हा पदे गाळून संवाद वाचतो आणि त्याला नाटक म्हणतो. परिसरातले पखवाजी, तारपकरी, धवलेरी यांनी मानधन घेऊन शिकवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये आणलेल्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' योजनेत औपचारिक पदवीची अट नाही, तिचा लाभ निवृत्त अधिकाऱ्यांपुरताच का असावा? आणि ध्वनिमुद्रणावर पहिला हक्क गाणाऱ्याचा, ही अट पहिल्याच सत्रात शिकविली जावी.

हे सारे एका वर्षात होणार नाही. तोवर मराठीच्या अभ्यास मंडळांना करता येण्यासारखे एक काम आहे. ओवी, अभंग, लावणी, पोवाडा आणि नाट्यपद हे पाठ्यक्रमातील पाचही प्रकार मुळात गायचे आहेत. यापुढे त्यांच्यावरील प्रत्येक घटकात चालीचे श्रवण सक्तीचे करावे आणि त्यावर प्रश्न विचारावा. अक्षरसंख्या मोजून ओवीचे लक्षण सांगणारा विद्यार्थी आपण पिढ्यान्‌पिढ्या उत्तीर्ण करीत आलो आहोत. त्याला ओवी ऐकून ओळखता येत नसेल, तर त्याने मराठीचाच अभ्यास अर्धा केला आहे, असे गुणपत्रिकेवर लिहिण्याचे धैर्य आपण दाखवावे.