खडक वाचायचा की घड्याळ?

"काम करतच असाल तर टाइमशीट भरताना पोटात का दुखतं?" हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. मॅनेजरने विचारला तर समजू शकतो, त्याचा पगारच त्यावर आहे. पण हल्ली कँटीनमध्ये आपल्यातलीच मंडळी हा प्रश्न विचारतात आणि वर "डेटा खोटं बोलत नाही बाबा" असं ऐकवतात. मोजमाप बिचारं निष्पाप, ज्याला त्रास होतो त्याच्याच मनात चांदणं, अशी एकूण विचारसरणी. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. माणसाचे तास मोजायची हुक्की येते ती त्याचं काम समजून घ्यायचा कंटाळा आल्यावर. आणि याचा सगळ्यात खणखणीत पुरावा मला सापडला तो उत्तर इंग्लंडमधल्या शिशाच्या खाणींत, दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या. हसू नका, पुढे वाचा.

पेनाइन्स डोंगररांगेच्या उत्तर टोकाला ऍलनडेल, वेअरडेल, टीसडेल आणि ऑल्स्टन मूर असा एक पट्टा आहे. उघडे माळ, पाऊस, मेंढ्या, आणि जमिनीच्या पोटात शिशाच्या उभ्या शिरा. अठराव्या शतकात इथे तीन बडी धेंडं होती. एक ब्लॅकेट घराणं (पुढे लग्नामुळे ही मालमत्ता बोमाँट घराण्याकडे गेली). दुसरी लंडन लेड कंपनी, १६९२ची सनद असलेली, क्वेकर लोकांची. तिसरी मोठी मजेशीर: ग्रीनिच हॉस्पिटल, म्हणजे म्हाताऱ्या खलाशांसाठीची धर्मादाय संस्था! १७१५च्या जेकोबाइट बंडात सामील झाला म्हणून डर्वेंटवॉटरच्या अर्लचं मुंडकं उडवलं, जहागीर जप्त केली आणि १७३५ मध्ये ती या संस्थेला देऊन टाकली. खाणी स्वतः खणायच्या नाहीत, भाड्याने द्यायच्या आणि निघालेल्या खनिजाचा पाचवा हिस्सा घ्यायचा, असा त्यांचा खाक्या.

तिघांत एक गोष्ट समान. मालक खाणीच्या तोंडाशी राहत नाही. सर वॉल्टर ब्लॅकेट १७३४ ते १७७७ न्यूकॅसलचे खासदार होते. क्वेकरांचं संचालक मंडळ लंडनला, हॉस्पिटलही तिकडेच. मग खाणी चालायच्या कशावर? पत्रांवर. डोंगरातला कारभारी न्यूकॅसलला लिहिणार, न्यूकॅसलचा लंडनला, आणि उलट उत्तर हातात पडेपर्यंत आठवडा सहज जाणार. प्रत्येक पत्राची नक्कल जावक वहीत हाताने उतरवलेली. (जेम्स वॉटने नक्कल काढायचं यंत्र १७८० मध्ये पेटंट केलं, ते स्वतःच्याच पत्रव्यवहाराला वैतागून. तोवर कारकुनाची बोटं होती.) अशी हजारो पत्रं आज शिल्लक आहेत. डुक्सफील्डच्या शिसं वितळवायच्या भट्टीभोवतीची कितीतरी पत्रं स्थानिक स्वयंसेवकांनी एकेक अक्षर लावून टाइप केली आहेत. गेले काही रविवार मी असलं वाचण्यात घालवतोय. घरच्यांचं यावर काय मत आहे ते सोडा.

या पत्रव्यवहारात काय असतं? शिशाचा भाव. धक्क्यावर पडून असलेला माल. पावसाने रस्ते गेले, तट्टूवाले मिळत नाहीत. गोठल्यामुळे पाणी नाही, म्हणून खनिज धुणं बंद. आणि आकडे. खनिज मोजायचं 'बिंग'मध्ये. एक बिंग म्हणजे आठ हंड्रेडवेट, चारशे किलोच्या थोडं वर, चार तट्टूंचं ओझं. वितळवलेलं शिसं मोजायचं 'फॉदर'मध्ये, आणि फॉदर लंडनला वेगळा, डर्बीला वेगळा! युनिट्सचा घोळ घालून प्रॉडक्शनला बग सोडणाऱ्या तमाम बांधवांनो, तुमची परंपरा थोर आहे.

पण मुद्दा वेगळा आहे. पत्रात मावतं ते वर जातं, जे मावत नाही ते डोंगरातच राहतं. भाव मावतो, बिंग मावतं. धुळीने भरलेली फुप्फुसं मावत नाहीत. खाणकामगारांच्या छातीचं काय झालंय हे सरकार-दरबारी नीट नोंदलं गेलं १८६४ मध्ये, किनेअर्ड आयोगाच्या अहवालात. त्याआधी शे-दीडशे वर्षं जावक वह्या भरतच होत्या.

तरीही या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी मला आजच्या ऑफिसांपेक्षा जास्त शहाणी वाटते. तिला म्हणायचे 'बार्गेन'. आपल्याकडच्या भाषेत उक्तं काम. चार-सहा-आठ खाणवाले एकत्र येऊन भागीदारी करायचे आणि शिरेचा अमुक तुकडा साधारण तीन महिन्यांसाठी घ्यायचे. दर ठरायचा बिंगमागे. शीर भरघोस असेल तर दर कमी, खडक कठीण आणि खनिज विरळ असेल तर दर जास्त. सुरुंगाची दारू, मेणबत्त्या, हत्यारांची धार, सगळं कामगारांच्या खात्यावर. कधी उतरायचं, कधी वर यायचं, कोण कुठे खणणार, हे ते आपापसात ठरवत. डोक्यावर कोणी उभा नसे.

आता गंमत बघा. हा दर ठरवायचा तर कारभाऱ्याला काय यायला हवं? खडक वाचता यायला हवा! मेणबत्ती घेऊन, चिखलातून सरपटत त्याला शिरेच्या तोंडाशी जावं लागे. पुढच्या तीन महिन्यांत इथे काय निघेल याचा अंदाज बांधावा लागे, आणि तोही समोर उभ्या असलेल्या लोकांशी वाद घालून, ज्यांचं अख्खं आयुष्य त्या खडकात गेलंय. ते लोकही काही संत नव्हते. चांगली शीर लागली की बोलणी होईपर्यंत ती तशीच ठेवायची, तोंडावर मातेरं लोटून द्यायचं, असले उद्योग ते करत. कारभाऱ्यालाही ते माहीत असे. एस्टिमेटच्या मीटिंगमध्ये आपण जे करतो तेच. फरक इतकाच, की तिथे समोरच्यालाही कोड वाचता येत असे.

मी या व्यवस्थेचे गोडवे गातोय असं वाटत असेल तर थांबा. तिच्यात पेच होताच. एखाद्या तिमाहीत टोळीने भरपूर कमावलं की पुढच्या वेळी दर खाली. म्हणजे नशीब फळफळलं तर ते मालकाचं, आणि खडकाने दगा दिला तर तो टोळीचा. शिवाय पूर्ण हिशेब व्हायचा वर्षातून एकदा, बाजार पडलेला असला तर त्याहूनही उशिरा. तोवर पोट भरायला दरमहा उचल, साधारण ३० ते ४० शिलिंग. हिशेबाच्या दिवशी उचल वजा, मेणबत्त्या वजा, दारूगोळा वजा, आणि उरलं तर हातात. न उरलं तर कर्ज पुढच्या वर्षाच्या खात्यावर. मुकादमाकडून उचल घेऊन कोयता उचलणाऱ्या ऊसतोड कामगारांबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दूरच्या खाणींवर आठवडाभर राहायला 'शॉप' नावाच्या खोल्या असत. एकेका अंथरुणात दोघं-तिघं, ओले कपडे तिथेच वाळत घातलेले. १८४२च्या सरकारी अहवालात त्यांचं वर्णन आहे, जेवताना वाचू नका.

पण वेळ त्यांची होती. बहुतेकांची डोंगरउतारावर जमिनीची तुकडी असे, एखादी गाय, गवताची कापणी. खाणीची पाळी संपवून माणूस शेतावर जाऊ शकत असे. या एका गोष्टीवर त्यांचा सगळा आब टिकून होता.

आणि मग आला इंजिनियर.

थॉमस सॉपविथ. १८०३चा जन्म, न्यूकॅसलच्या लाकूडकाम करणाऱ्या घरातला. ऑल्स्टनला मोजणी शिकला, या खाणपट्ट्यावर १८३३ मध्ये पुस्तक लिहिलं, भूस्तर समजावून सांगायला लाकडाची सुंदर मॉडेलं बनवली. रोजनिशीचे तब्बल १६८ खंड भरले. (पहिल्या महायुद्धातलं सॉपविथ कॅमल विमान माहीत असेल, ते त्याच्या नातवाच्या कंपनीचं.) १८४५ मध्ये तो बोमाँटच्या खाणींचा मुख्य कारभारी म्हणून ऍलनहेड्सला आला. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. शाळा काढल्या, वाचनालयाला हातभार लावला, आर्मस्ट्राँगची पाण्याच्या दाबावर चालणारी इंजिनं आणली. आपल्यातला सगळ्यात हुशार, सगळ्यात व्यवस्थित, डेस्क आवरलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. तो हा.

त्याने हिशेब बघितले. उचल दरमहा जातेय, पण लोक किती तास खाली असतात याची नोंद कुठेच नाही. मग त्याने फर्मान काढलं: आठ तासांच्या पाच पाळ्या झाल्याच पाहिजेत. आणि त्या होतात की नाही हे बघायला माणसं नेमली. त्यांना म्हणत 'वॉचर'. कोण कधी आत गेलं, कोण कधी बाहेर आलं, लिहून ठेवायचं. आपल्या ऑफिसच्या दारातलं कार्ड स्वाइप करायचं यंत्र, फक्त दोन पायांचं.

१८४९च्या सुरुवातीला ऍलनहेड्सच्या कामगारांनी संप केला. पगारवाढीसाठी नव्हे! वॉचर नकोत म्हणून. १८ आठवडे. न पगार, न उचल, पेनाइन्सचा हिवाळा. शेवटी संप फुटला. पुढारी परत कामावर घेतले गेले नाहीत, आणि त्याच वसंतात त्यांच्यातल्या अनेकांनी बायकामुलांसह अमेरिकेची वाट धरली.

आता माझे कँटीनमधले मित्र म्हणतील, "पण सॉपविथचं काय चुकलं? उचल मालकाच्या खिशातून जात होती. माणूस दोन तासांत वर येऊन गवत कापायला लागला तर नुकसान कोणाचं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की त्याने काम कमी केलं तर बिंग कमी भरायचे, आणि ते हिशेबाच्या दिवशी त्याच्याच अंगावर यायचं. उक्त्या कामात जोखीम आधीच त्याच्या डोक्यावर होती. आता ती तर राहिलीच, वर रोजंदारीचा पहाराही आला. म्हणजे तोटा उक्त्याचा आणि शिस्त रोजंदारीची. दोन्हीकडची वाईट बाजू कामगाराच्या वाट्याला. फिक्स्ड प्राइस प्रोजेक्टवर डेडलाइनसाठी रात्री जागणाऱ्या आणि सकाळी 'नऊ तास भरले नाहीत' अशी मेल वाचणाऱ्या माणसाला हे गणित लगेच कळेल.

दुसरं असं, की सॉपविथला स्वतःला खडक वाचता येत होता, त्या मुलखात त्याच्याइतका कोणाला येत नसेल. पण वॉचरला यायची गरजच नव्हती. हा या शोधाचा खरा फायदा. शिरेच्या तोंडाशी न जाता, चिखल न तुडवता, टोळीशी वाद न घालता पत्रात लिहिता येईल असा आकडा मिळाला: अमुक माणूस, तमुक तास. वरच्याला समजायला सोपा. २०२० नंतर घरून काम करणाऱ्यांच्या माउसच्या हालचाली मोजणारी आणि दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारी सॉफ्टवेअरं विकत घेतली गेली ती याच सोयीसाठी. ती कोणी लिहिली? आपणच. तिकीट आलं, स्प्रिंटमध्ये घेतलं, टेस्ट केस पास. तेव्हा 'मॅनेजमेंट वाईट' म्हणून हात झटकायचा हक्क आपल्याला नाही.

क्वेकर कंपनीचं कौतुक करणारे लेख इंटरनेटवर पुष्कळ सापडतात. शाळा सक्तीच्या केल्या, नेंटहेडला नीटनेटकं गाव वसवलं, टंचाईत धान्य आणून दिलं. सगळं खरं आहे. दारुड्याला कामावरून काढायचे हेही खरं. असो.

मला राहून राहून दुसरीच गोष्ट खटकते. कामगाराचे तास मोजायला माणसं होती. इंजिनियरांचे कोण मोजत होतं? १७७६ मध्ये ग्रीनिच हॉस्पिटलने ऑल्स्टन मूरखाली नेंट फोर्स लेव्हल खणायला घेतली. लेव्हल म्हणजे डोंगराच्या पोटात आडवं भुयार. कल्पना जॉन स्मीटनची, हो, एडिस्टोन दीपगृहवाला, तेव्हा तो संस्थेच्या तिथल्या इस्टेटीचा कारभारी होता. खाणींचं पाणी निघेल आणि वाटेत नव्या शिरा लागतील, असा हिशेब. साठाहून जास्त वर्षं खणलं, जवळपास पाच मैल. खनिज लागलं नावाला. लोक होडीत बसून भुयार बघायला मात्र यायचे. आणि खुद्द सॉपविथच्या कारकिर्दीत, संपानंतर सहा वर्षांनी, १८५५ मध्ये बोमाँटने ब्लॅकेट लेव्हल सुरू केली. ती ऍलनडेलहून ऍलनहेड्सपर्यंत जायची होती. पुढल्या काळात परदेशी शिशाने भाव पाडले, ऍलनहेड्सची खाण शतक संपायच्या आत बंद झाली, आणि लेव्हल तिथवर कधी पोचलीच नाही. चार दशकांहून जास्त खणत होते, आणि आणखी किती दशकं खणायचं हे विचारायला दारात एकही वॉचर उभा नव्हता.