‘खूप वेळ’ म्हणजे किती तास?

तलाठी कार्यालयात सातबारा काढायला गेलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य नवीन नाही. तो टपरीवर जाऊन चहा घेतो आणि तासाभराने पुन्हा खिडकीशी उभा राहतो. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या एफ-२२ रॅप्टर विमानांच्या वैमानिकांवर हीच पाळी आली. फरक एवढाच की खाली पॅसिफिक महासागर होता आणि टपरीची सोय नव्हती.

हवाई बेटांवरच्या हिकॅम तळावरून ही विमानं जपानमधल्या ओकिनावाकडे निघाली होती. जिथे तारीख बदलते ती आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि संगणक कोलमडले. दिशा कळेना, इंधन किती उरलं ते कळेना, संपर्काचंही बरंचसं बंद. वैमानिकांनी यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करून पाहिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी हवेत इंधन भरणारी टँकर विमानं सोबत होती, त्यांच्यावर नजर ठेवून सगळे माघारी फिरले. हवा स्वच्छ होती म्हणून निभावलं. शत्रूच्या रडारला हुलकावणी देणारं, एकेक १० कोटी डॉलरच्या वरचं विमान घरी आलं ते जत्रेत पोरानं आईचा पदर धरून यावं तसं! पंचांगात तर तिथीचाच क्षय होतो, पण त्यामुळे कुणाची बैलगाडी रस्ता चुकल्याचं ऐकिवात नाही.

दोनेक दिवसांत प्रोग्रॅम दुरुस्त झाला आणि विमानं जपानला पोचली.

त्यानंतरच्या अमेरिकी एफ-३५ विमानाची तऱ्हा निराळी. २०१६च्या सुमारास त्याचं रडार साधारण दर चार तासांनी मान टाकायचं आणि वैमानिकाला ते उडता उडता पुन्हा चालू करावं लागायचं. फ्रान्सवर तर वेगळीच वेळ आली. जानेवारी २००९ मध्ये नौदलाच्या संगणकजाळ्यात कॉन्फिकर नावाचा व्हायरस शिरला आणि उड्डाणाचा आराखडा उतरवून घेता येईना म्हणून काही राफेल विमानं जमिनीवरच राहिल्याचं तेव्हा छापून आलं. विमानं ठणठणीत होती. आजारी पडलं होतं ते कचेरीतलं विंडोज.

या किश्शांवर हसू येणारच, आणि हसावंही. पण ‘बंद करून चालू करा’ या उपायाला हसण्यात अर्थ नाही; तो उपाय प्रामाणिक आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाने बोईंग ७८७ विमानांसाठी एक आदेश काढला. या विमानाच्या वीजनिर्मितीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेत एक मोजणी सतत चालू असायची आणि २४८ दिवसांनी तिची जागा संपायची. तसं झालं तर वीजच जाण्याचा धोका, म्हणून त्याआधी विमानाचा वीजपुरवठा एकदा पूर्ण बंद करा, असं कंपन्यांना बजावण्यात आलं. एवढ्या अवाढव्य विमानाला घरातल्या राउटरचा इलाज! तरीही हा आदेश शहाणपणाचा, कारण त्यात दिवसांचा आकडा होता.

आपल्या यंत्राला मधूनमधून विश्रांती लागते हे कबूल करायला विकणाऱ्याला लाज वाटते, आणि विकत घेणाऱ्याला त्याहून जास्त. मग सूचना मोघम होतात. टपरीवरचा विनोद इथे संपतो.

१९९१च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दहा भाग मोजायचं. आपल्याला एक-तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसा संगणकाला एक-दशांश पूर्ण लिहिता येत नाही. शेपूट छाटावं लागतं. तासाभरात त्याने काही बिघडत नाही. शंभर तासांनी मात्र चूक एक-तृतीयांश सेकंदावर जाते, आणि इराकच्या स्कड क्षेपणास्त्राच्या वेगाच्या हिशेबात ती ६८७ मीटर भरते.

यंत्रणा आठ तास सलग चालली तरी नेम ढळू लागतो, हे हीच यंत्रणा वापरणाऱ्या इस्रायलने ११ फेब्रुवारीलाच अमेरिकेला कळवलं होतं. २१ तारखेला तुकड्यांना संदेश गेला की यंत्रणा खूप वेळ चालू ठेवली तर नेम सरकू शकतो. खूप वेळ म्हणजे किती, हे त्यात लिहिलं नव्हतं. धाहरानच्या तुकडीने यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ चालू ठेवली. २५ फेब्रुवारीला आलेलं स्कड तिने चुकीच्या जागी शोधलं, तिथे काही सापडलं नाही, आणि ते सैनिकांच्या निवासावर पडलं. २८ जण गेले.

पॅट्रियट बंद करून पुन्हा चालू करायला ६० ते ९० सेकंद लागत. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम धाहरानला पोचला तो २६ फेब्रुवारीला.