घरदार : परसदाराची कडी

भगिनींनो, तरावीहला, लग्नाला किंवा ईदनंतर माहेरी जाताना आपण पुढच्या दाराला कुलूप घालून दोनदा ओढून पाहतो. चोर मात्र आधी परसदार पाहतो. औंध, खटाव, आटपाडीकडे घरं ऐसपैस, परसं मोठी. कितीतरी कुटुंबं पुण्या-मुंबईला, काही गलाईच्या धंद्यासाठी परराज्यांत; गावी एकतर म्हातारी माणसं, नाहीतर बंद घर.

म्हणून घराभोवती एक फेरी मारा. कुलूप कितीही भक्कम असलं, तरी कोयंडा दोन स्क्रूवर असेल तर पहारीने उचकटतो. सुताराकडून आरपार बोल्ट घालून घ्या, नट आतून बसवा. पहार, कुऱ्हाड, शिडी अंगणात ठेवू नका; चोर आपल्याच अवजारांनी आपलं दार फोडतो. गच्चीच्या जिन्याचं दार आणि न्हाणीघराची खिडकीही तपासा. खिडकीखालचं झुडूप कमरेइतकंच ठेवा.

चोर कधी कधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावून मग चोरी करतात. त्यावर साधा उपाय आहे : रात्री घरात असताना बाहेरच्या नुसत्या कोयंड्यात कुलूप अडकवून ठेवा, म्हणजे कडी बसतच नाही.

बाहेर गेल्यावर दिवसरात्र दिवा जळत ठेवू नका. भर दुपारी जळणारा दिवा घर रिकामं असल्याचंच सांगतो. वळचणीला, हात पोचणार नाही असा, अंधार पडल्यावर आपोआप लागणारा सौरदिवा बरा. शेजारणीला अंगण झाडायला सांगा. उमऱ्याचे फोटो परतल्यावर टाका. आल्यावर दार फुटलेलं दिसलं, तर आत जाऊ नका, कशाला हात लावू नका. 112 ला फोन करा.

आणखी एक. चोरी झाली की बोट आधी पालावरच्या पारध्याकडे वळतं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला, बदगुमानी राहिली. औंध संस्थानाने मात्र आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंतींशिवाय कैद्यांची वसाहत उभी केली, शिक्षा भोगणाऱ्यांच्या हाती शेती दिली. 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. संशय घेण्यात रात्र जागवण्यापेक्षा सुताराला बोलावलेलं बरं. या आठवड्यात परसदाराचा कोयंडा तेवढा बदलून घ्या.